काळा गरुडच बरा

जुनं पिस्तूल घेताना माणूस आधी चिठ्ठीवरचा आकडा वाचतो, आणि तिथेच गफलत होते. कनेटिकट आणि मॅसॅच्युसेट्सच्या ज्या पट्ट्यात कोल्ट, हाय स्टँडर्ड, स्मिथ अँड वेसन आणि रुगर हे चौघे एकमेकांपासून तास-दोन तासांच्या अंतरावर पिस्तुलं घडवत होते, तिथल्या दुकानांत काचेखाली आजही त्यांची साठ-सत्तर वर्षांपूर्वीची पिस्तुलं मांडलेली दिसतात. सुट्टीच्या सकाळी रेंजवर दीड-दोनशे गोळ्या झाडाव्यात, नेम जरा सुधारावा आणि खिशाला चटका बसू नये, एवढाच हेतू असेल तर त्यातून काय उचलावं याबद्दल माझं मत पक्कं आहे. भरमसाट संख्येनं बनलेलं, संग्राहक ज्याच्याकडे वळूनही बघत नाहीत असं .२२ चं पिस्तूल घ्यावं. नाव घेऊन सांगायचं तर रुगर स्टँडर्ड, नाहीतर त्याचं नेमबाजीसाठीचं भावंड मार्क वन. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी वाचकासाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता, केंद्रीय कायदा तुम्हाला बंदूक बाळगूच देत नाही. ग्रीन कार्ड झाल्यावरही दुकानातून पिस्तूल घ्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत, पूर्वेतिहासाची तपासणी होते आणि या दोन्ही राज्यांत वर राज्याचा परवाना लागतो. पुण्या-मुंबईत तर हिशेबच उलटा आहे. १९८० च्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र मागवता येत नाही, त्यामुळे इथे कोपऱ्यात पडून असलेली पिस्तुलं तिकडे लाखांच्या घरात जातात. पुढचं सगळं विवेचन अमेरिकेतल्या बाजारापुरतंच आहे.

स्वस्ताईचा पहिला सापळा म्हणजे खिशात मावणारी .३२ आणि .२५ ची जुनी युरोपीय पिस्तुलं. झेक, इटालियन, बेल्जियन, एकाहून एक देखणी, आणि पुष्कळदा रुगरच्याच किमतीत किंवा त्याहून कमी पैशांत मिळणारी. पण .२२ लाँग रायफल हे १८८७ चं काडतूस आजही आठ-दहा सेंटला एक या हिशेबानं मिळतं आणि .३२ च्या एका काडतुसाला त्याच्या चार-पाच पट पैसे पडतात. एका सकाळी दोनशे गोळ्या धरल्या तर चार-सहा फेऱ्यांतच चिठ्ठीवरची बचत धुऊन निघते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला तो हाच. पैशांचं सोडून दिलं तरी ही पिस्तुलं रेंजसाठी घडवलेलीच नव्हती. कोटाच्या अस्तरात अडकू नयेत म्हणून त्यांचे फ्रंट साइट तांदळाच्या दाण्याएवढे ठेवलेले असतात, मूठ आखूड असते, आणि स्लाईड मागे येताना अंगठ्याच्या बेचक्याला ओरखडा काढते. इतिहासाची आवड असेल तर अवश्य घ्यावीत आणि कपाटात ठेवावीत, हौसेला मोल नसतं. मात्र त्याला नेमबाजीचा खर्च म्हणू नये.

दुसरा सापळा सौंदर्याचा, आणि तो मला जास्त कठीण वाटतो, कारण कोल्ट वुड्समन खरोखरच सुंदर आहे. जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरून १९१५ पासून १९७७ पर्यंत बनलेलं, निमुळत्या नळीचं, हातात घेतलं की खाली ठेवावंसं वाटू नये असं. पण १९३२ च्या सुमारास त्यात बदल होण्यापूर्वीचे नग आजच्या जोरकस काडतुसांसाठी बनलेलेच नव्हते. शिवाय तीन मालिका आणि सगळ्यांना एकच मॅगझिन चालत नाही, हा घोळ आहेच. मॅगझिन म्हणजे पत्र्याची एक डबी, तिच्यात अडून काय राहायचं, असं नवख्याला वाटतं. प्रत्यक्षात .२२ च्या जुन्या पिस्तुलात बिघाड बहुतेक वेळा तिथेच असतो. काडतुसाला मागे कड असते, ती कड वरच्या काडतुसाच्या कडेत अडकते, आणि डबीचे वरचे दोन ओठ केसभर फाकले तरी गोळी नळीत जाण्याऐवजी वर तोंड करून उभी राहते. हाय स्टँडर्डच्या पिस्तुलांचा चाप लोण्यासारखा असतो, पण त्यांचे मालक मॅगझिनचे ओठ वाकवून जुळवण्यात किती वेळ घालवतात हे कोणत्याही रेंजवर दिसतं. मूळ कंपनी १९८४ मध्ये बंद पडल्यामुळे तिची जुनी मॅगझिन जपून वापरावी लागतात. रशियन मार्गोलिन हा असाच आणखी एक मोह. ज्याची दृष्टी तरुणपणीच गेली त्या मिखाइल मार्गोलिननं स्पर्शानं भाग चाचपत नेमबाजीचं पिस्तूल घडवावं, ही हकिकत कोणालाही भुरळ घालेल. पण त्याचा एक सुटा भाग तुटला की इथे शोधता शोधता पुरेवाट होते.

रुगर स्टँडर्डची गोष्ट एवढी रोमांचक नाही, आणि माझ्या लेखी तेच त्याचं भांडवल आहे. विल्यम रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी ते १९४९ मध्ये कनेटिकटमधल्या साउथपोर्टहून बाजारात आणलं तेव्हा किंमत होती साडेसदतीस डॉलर, म्हणजे वुड्समनपेक्षा बरीच कमी. ही स्वस्ताई धातूत काटकसर करून आलेली नव्हती, घडवण्याच्या पद्धतीतून आली होती. मुठीचा सांगाडा पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढण्याऐवजी पत्र्याचे दोन अर्धे भाग ठशात दाबून एकमेकांना वेल्ड केलेले आहेत. वरचा भाग म्हणजे एक नळकांडं, त्यात बोल्ट पुढे-मागे सरकतो. जपानी नाम्बू पिस्तुलावरून सुचलेली ही रचना पैसे वाचवते आणि नेमालाही मदत करते. वुड्समनचा मागचा साइट स्लाईडवर बसवलेला, म्हणजे दर गोळीला सरकून परत जागेवर येणारा. रुगरमध्ये दोन्ही साइट एकाच न हलणाऱ्या नळकांड्या-नळीवर. वीसेक हजार गोळ्यांनंतर वुड्समनच्या स्लाईडला जो किंचित सैलपणा येऊ शकतो, त्याची धास्ती इथे नाही. आता किमतीकडे परत बघा. १९४९ चे साडेसदतीस डॉलर म्हणजे महागाई धरून आजचे पाचशेच्या आसपास, आणि चांगल्या स्थितीतलं जुनं स्टँडर्ड पुष्कळदा त्याहून कमी पैशांत मिळतं. नवीन होतं तेव्हापेक्षा आज ते स्वस्त आहे, असं फार थोड्या यंत्रांबद्दल म्हणता येईल. अपवाद फक्त लाल गरुडाचा. सुरुवातीच्या पिस्तुलांच्या मुठीवर लाल गरुडाचं पदक असे. १९५१ मध्ये स्टर्म वारला आणि त्यानंतर गरुड काळा झाला. आतलं यंत्र तेच, तरी संग्राहक लालसाठी कितीतरी जास्त मोजतात. नेम धरताना ते पदक तुमच्याच तळहाताखाली असतं.

जाणकारांचे आक्षेप मी ऐकलेले आहेत, आणि सगळेच फोल नाहीत. नवीन मार्क फोर का नको, हा त्यातला वजनदार. २०१६ मध्ये आलेलं हे पिस्तूल एक बटण दाबलं की उघडतं, उलट जुनं स्टँडर्ड साफ करून परत जोडणं हा संयमाचा कस आहे. घोड्यामागची एक लोंबती दांडी मुठीतल्या स्प्रिंगच्या कपात नेमकी बसली नाही तर सगळं जागच्या जागी दिसतं आणि बोल्ट मात्र ढिम्म हलत नाही. हे मान्य. पण .२२ चं पिस्तूल दर आठवड्याला पूर्ण उघडायची गरज नसते. नळी आणि बोल्टचं तोंड पुसलं तरी महिनोन्‌महिने चालतं, आणि जोडणी पाच-सहा वेळा केली की हाताला तिची सवय होते. वाचलेल्या शे-दोनशे डॉलरांत हजार-दोन हजार काडतुसं येतात, नेम त्यांनी सुधारतो. रिव्हॉल्व्हरवाल्यांचं म्हणणं मला जास्त पटतं, कारण त्यात मॅगझिनची कटकटच नाही. फक्त स्मिथ अँड वेसनची चांगली जुनी .२२ रिव्हॉल्व्हर आता स्वस्त राहिलेली नाहीत, आणि जी स्वस्त आहेत त्यांचा चाप इतका जड की नवशिक्याचा नेम ओढतानाच ढळतो. ‘.२२ म्हणजे खेळणं’ हा आक्षेप तर उत्तर देण्याच्याही लायकीचा नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं ते याच काडतुसावर.

खरी जोखीम निवडीत नसते, समोरच्या नगात असते. निळसर झिलई मुठीपाशी उडाली असली तर त्याला मी हरकत घेत नाही, उलट भाव करायला बरं पडतं. आधी मॅगझिन काढून आणि बोल्ट मागे ओढून पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करावी, मग नळी उजेडाकडे धरावी. आत मध्येच अंगठीसारखी काळी कडी दिसली तर कधीतरी एक गोळी अडकलेली असताना मागून दुसरी झाडली गेली आहे, असं समजावं. मग टॉर्च चेंबरच्या तोंडावर धरावा. जुन्या स्टँडर्डमध्ये शेवटची गोळी संपल्यावर बोल्ट उघडा राहत नाही, म्हणून दर मॅगझिनअखेर चाप एकदा रिकाम्या चेंबरवर ओढला जातोच. फायरिंग पिननं तेव्हा पोलादाला टेकू नये यासाठी बोल्टमध्ये टाचणीएवढी एक आडवी खुंटी असते. कुणीतरी कधीतरी साफ करताना ती पाडून हरवतो, पिस्तूल तिच्याविनाही मजेत चालत राहतं, आणि पिन दर वेळी चेंबरच्या काठावर टिचकी मारत जाते. टॉर्चच्या उजेडात काठावर नखाला लागेल असा खळगा चमकला, तर चिठ्ठीवर काहीही आकडा असो, पिस्तूल परत काचेखाली ठेवून शेजारचं मागावं.