लेकरू पांढरं पडलं की दोष आईचाच?

पोस्ट लांब आहे. पण घरात किंवा शेजारी पाच वर्षांखालचं लेकरू असेल तर पूर्ण वाचा.

जरीपटका, इंदोरा, बेझनबाग, नारा-नारीकडच्या वस्त्यांमध्ये बातमीसाठी फिरताना आयांच्या तोंडून एक वाक्य इतक्यांदा ऐकलं की आता पाठ झालं आहे. "डॉक्टर बोले खून कम है, पालक-बीट खिलाओ." कुणी मराठीत सांगते, कुणी हिंदीत, कुणी सिंधी वळणाच्या हिंदीत. पण सल्ला तेवढाच. दहा सेकंदांचा. वरून एक टोमणा फुकट, "खायला देत नाही का पोराला?"

याला आपल्याकडे आहाराचं समुपदेशन म्हणतात.

आता आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के लेकरं रक्तक्षयाची निघाली. आधीच्या सर्वेक्षणात (२०१५-१६) हा आकडा ५३.८ होता. म्हणजे कमी व्हायच्या ऐवजी वाढला. १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये ५४.२ टक्के. शंभरातली ६९ लेकरं रक्तक्षयाची असतील, तर ६९ आया एकाच वेळी निष्काळजी झाल्या का? हा प्रश्न कोणी विचारत नाही.

नीट समुपदेशन कसं असतं, ते एका अंगणवाडी सेविकेच्या मागे मागे फिरून मी पाहिलं आहे. तिने बीटचं नावच काढलं नाही. घरात गेली, खाली बसली आणि विचारलं, "काल सकाळपासून याच्या पोटात काय काय गेलं, ते सांग बरं."

आई म्हणाली, "सकाळी चहा-टोस्ट. मग दूध. दुपारी वरणाचं पाणी अन् भात. चार वाजता पाच रुपयांचं पाकीट. रात्री परत दूध."

"अन् दुपारी भरवते कोण?"

"सासूबाई. मी चार घरी धुणीभांडी करते ना, ताई."

झालं. निम्मा आजार इथेच सापडला. लेकरू उपाशी नव्हतं, पोट भरलेलं होतं. पण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. दुधात लोह अगदी कमी, आणि दिवसभर दूधच पीत राहिलं तर लेकराला दुसऱ्या कशाची भूक राहत नाही. वरणाच्या पाण्यात डाळ नसते, ती पातेल्याच्या तळाशी बसते. आणि ज्या आईला सल्ला द्यायचा, ती दुपारी घरी नसते.

म्हणून सेविकेने आजीला हाक मारली. तीनच गोष्टी सांगितल्या. लेकराचा चहा बंद. वरण घट्ट, घोटून, वर लिंबू पिळून. अंडं चालत असेल तर अंडं, नसेल तर चवळी नाहीतर मोट भिजवून, शिजवून, कुस्करून. आजी म्हणाली, "इतकंच? मला वाटलं, महागाचं काही सांगशील." हसली आणि ऐकलं. वीस मिनिटं लागली.

त्या पालक-बीटाचंही सांगून टाकतो. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवते, हा समज नुसत्या रंगावर उभा आहे. बीटात लोह फार नाही. पालकात आहे, पण त्यातलं थोडंच अंगी लागते. सिंधी घरातली साई भाजी पाहा, त्यात पालकासोबत चणा डाळ असते, म्हणजे नुसत्या पालकापेक्षा ती बरी. वर लिंबू पिळलं की आणखी बरी. लिंबू, आवळा आणि आपली संत्री भाजी-डाळीतलं लोह शोषायला मदत करतात. संत्र्याच्या शहरात राहून लेकराला जेवणासोबत दोन फोडी न देणं म्हणजे कमाल आहे. मांसाहारी घरात मटण-कलेजीतलं लोह सगळ्यात लवकर अंगी लागते. लोखंडी कढईत भाजी केली तर तीही थोडा हातभार लावते.

आता औषधाचं. २०१८ पासून 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रम आहे. त्यात सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांना आठवड्यातून दोनदा १ मिलि लोहाचं सिरप द्यायचं असते. बाटली घरी जाते आणि कपाटात राहते. कारण? पहिल्या आठवड्यात शी काळी होते, आई घाबरते, औषध बंद. लोहाने शी काळी होतेच, घाबरायचं कारण नाही, हे एक वाक्य बाटली देताना सांगायला हवं. चहा-दुधासोबत देऊ नका, हे दुसरं. बाटली लेकराच्या हाताला लागू देऊ नका, लोह जास्त पोटात गेलं तर जिवावर बेतते, हे तिसरं. रक्तक्षय निघालेल्या लेकराचा डोस वेगळा असतो, तो डॉक्टरच ठरवतात. आणि लेकरू तरतरीत दिसू लागलं म्हणून औषध मधेच सोडायचं नसते, शरीरातला साठा भरायला आणखी काही महिने लागतात.

पण माझा खरा मुद्दा पुढे आहे, आणि तो आपल्या भागाचा आहे.

१९४७ च्या फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी जरीपटका उभा केला. सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात. शेजारीच इंदोऱ्याकडे बौद्ध वस्त्या आहेत, आदिवासी कुटुंबं आहेत. विदर्भात या समाजांमध्ये सिकलसेल आहे, ही गोष्ट डॉक्टरांना १९५० च्या दशकापासून माहीत आहे. हे कोणत्या समाजाचं दूषण नाही, आईबापाकडून आलेली रक्ताची ठेवण आहे. पण याचा अर्थ असा की आपल्या भागात लेकराचं रक्त कमी निघालं, तर कारण ताटात असेलच असं नाही.

एका घरची गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. पोराचं हिमोग्लोबिन काही केल्या साडेनऊच्या वर जाईना. सिरप झालं, बीटचा रस झाला, गूळ-शेंगदाणे झाले. घरात रोज बोलणी कोणाला? सुनेला. "आमच्या घरात कोणाला असं नव्हतं." वर्षभराने एका डॉक्टरने एचपीएलसी नावाची रक्ततपासणी लिहून दिली. पोरगा थॅलेसेमिया मायनर निघाला. मग आईबाप दोघांची तपासणी झाली. आई नॉर्मल. वाहक निघाला बाप.

ती माऊली रिपोर्ट हातात घेऊन मला म्हणाली, "भाऊ, सालभर मी सोताले चोर समजून राहिली होती."

दोष बापाचाही नाही. कोणाचाच नाही. मायनर लेकरू शाळेत जाते, खेळते, सामान्य आयुष्य जगते. पण आईबाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मेजर मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि मेजर लेकराला आयुष्यभर रक्त चढवावं लागते. त्यामुळे तपासणी वेळेत होणं म्हणजे पुढच्या लेकराचा प्रश्न आहे. आणि जिथे लोहाची कमतरताच नाही, तिथे महिनोन्‌महिने लोह पाजत राहणं बरोबर नाही. वारंवार रक्त चढणाऱ्या लेकरांच्या अंगात तर लोह आधीच जास्त साठलेलं असते.

सरकारी नियम यात साधा आहे. महिनाभर नीट औषध घेऊनही हिमोग्लोबिन एका ग्रॅमनेही वाढलं नाही, तर पुढच्या तपासणीला पाठवा. सिकलसेलसाठी १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. नियम आहे, मोहीम आहे. नाही ते काय? लेकराच्या आईला हे समजावून सांगणारं, वीस मिनिटं बसणारं माणूस.

सेविका आणि आशाताईंना दोष देऊ नका. त्यांच्या डोक्यावर सर्वेक्षणं, रजिस्टर, मोबाईलवरची नोंद, वजन-उंची, निवडणुकीची कामं. आजीला समजावण्यात गेलेली वीस मिनिटं कुठल्या रकान्यात भरायची?

म्हणून आपल्या नगरसेवकांकडे आणि मनपाच्या आरोग्य विभागाकडे चार साध्या मागण्या:

१. लसीकरणाच्या दिवशी आहाराचं बोलायला वेगळं माणूस बसवा. नऊ महिन्यांच्या लशीला आई येतेच, तीच वेळ साधा.

२. सभा दुपारी नको. कामाला जाणारी बाई दुपारी कशी येईल? संध्याकाळी नाहीतर रविवारी घ्या, आणि आजी-बापालाही बोलवा.

३. भाषा घरातली ठेवा. 'लोहयुक्त आहार घ्यावा' असा फलक लावून काही होत नाही. इथे मराठी, हिंदी, सिंधी तिन्हीत बोला.

४. महिनाभरात रक्त वाढलं नाही, तर आईच्या हातात चिठ्ठी द्या. कोणती तपासणी, कुठे, कोणत्या दिवशी, हे लिहून.

आणि घरच्यांसाठी एक. लेकराच्या ताटाआधी त्याच्या आईचं ताट बघा. सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं जेवणाऱ्या बाईचं रक्त गरोदरपणातच कमी असेल, तर लेकरू जन्मताना सोबत लोहाची शिदोरी कमीच घेऊन येते. ती शिदोरी साधारण सहा महिने पुरते. पुढचं सगळं वाटी-चमच्यावर.

तुमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत आईशी बसून कोणी बोलते का? सिरपची बाटली देताना काय सांगितलं? खाली लिहा. इथे आलेले अनुभव मी आरोग्य विभागापर्यंत पोहोचवतो. आणि पुढच्या वेळी शेजारचं लेकरू पांढरं दिसलं, तर त्याच्या आईला "काय खाऊ घालते?" असं नका विचारू. "तपासणी झाली का?" असं विचारा.