टोकाच्या शोधात: तेर ते धाराशिव

मुलांनो, तुमच्या कंपासपेटीतली कोणती वस्तू सगळ्यात आधी निकामी होते, सांगा बरं? खोडरबर हरवतं, पट्टी मोडते, ते वेगळं. पण डोळ्यांसमोर असूनही कामाची राहत नाही अशी वस्तू एकच. पेन्सिलीला टोक करायचं यंत्र! पुस्तकात त्याला टोकयंत्र म्हणतात, काही घरांत गिरमिट म्हणतात आणि आमच्या धाराशिव जिल्ह्यात (तुमच्या आईबाबांना हा उस्मानाबाद जिल्हा म्हणून जास्त आठवेल) पोरं सरळ 'शॉपनर' म्हणून मोकळी होतात. या एवढ्याशा यंत्रासाठी मी एक अख्खा शनिवार खर्च केला आणि तेरवरून धाराशिवच्या बाजारापर्यंत जाऊन आलो. त्या फेरीची ही हकिगत.

आधी कारण सांगतो. आमची जिल्हा परिषदेची शाळा तेरणा नदीच्या बाजूला, एका लहान गावात आहे. पहिली आणि दुसरी असे दोन्ही वर्ग माझ्याकडे. पटावर ३१ मुलं. शुद्धलेखन सुरू झालं की पाच मिनिटांत पहिली हाक येते, "गुरुजी, टोक मोडलं!" मग दुसरी, मग तिसरी. एकाचं टोकयंत्र पाच जणांत फिरतं आणि सहाव्यापाशी भांडण होतं. एखादा बहाद्दर दप्तरातून दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा काढतो. तो मी ताबडतोब जप्त करतो. पालकांनो, हे तुमच्यासाठीही आहे. मुलांच्या हाती ब्लेड देऊ नका.

दुसरीत एक मुलगी आहे. दिवाळीनंतर तिचे आईवडील ऊसतोडीला जातात आणि ती आजीजवळ राहते. पेन्सिल एकच. आजी विळ्यानं टोक करून देते, पण ते शाळेत पहिल्या दोन ओळींतच तुटतं. ती कुणाकडे काही मागत नाही. वही उघडी ठेवून नुसती बसून राहते. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हिला लिहिता येत नाही. येतं सगळं! अक्षर तर वर्गात सगळ्यांत सुरेख. म्हणून ठरलं, वर्गाचं स्वतःचं टोकयंत्र घ्यायचं, आणि ते दोन महिन्यांत फेकावं लागेल असं नको.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मुलांच्या दोन पेन्सिली खिशात टाकून मी निघालो. पेन्सिली कशाला, ते पुढं कळेल. आमच्याकडून धाराशिवला जायचं तर तेरला एसटी बदलावी लागते आणि मध्ये तास-दीड तास मोकळा मिळतो.

तेर आज मोठं खेडं आहे. पण दोन हजार वर्षांपूर्वी ते तगर नावाचं भरभराटीचं शहर होतं, बरं का! 'पेरिप्लस' नावाच्या जुन्या ग्रीक प्रवासपुस्तकात त्याचा उल्लेख आहे. इथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई आणि तिथून जहाजानं दूरदेशी. त्या काळातल्या वस्तू गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळतात. मातीच्या मूर्ती, मणी, हस्तिदंती काम. मी मात्र दर वेळी एका गोष्टीपाशी थांबतो. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट. इतकी शतकं गेली, तरी नक्षी दिसते. लाकडाला रेषा असतात. त्या रेषांवर हत्यार बोथट चाललं तर लाकूड कापलं जात नाही, उपटलं जातं. त्या सुताराच्या पटाशीला कशी धार असेल, विचार करा! तुमच्या पेन्सिलीचं टोक कधी गुळगुळीत होतं आणि कधी दाढी न केल्यासारखं केसाळ दिसतं, त्याचं कारण हेच.

तेर म्हटलं की दुसरं नाव येतं संत गोरा कुंभारांचं. हे त्यांचं गाव. आणि मुलांनो, पेन्सिल ही अर्धी कुंभाराचीच वस्तू आहे. आपण म्हणतो शिसपेन्सिल, पण तिच्यात शिसं अजिबात नसतं. असतं ते ग्राफाइट आणि चिकणमाती. १७९५ साली फ्रान्समधल्या निकोला-जाक काँते यानं या दोन्हींचं मिश्रण मळून, त्याच्या काड्या करून भट्टीत भाजायची युक्ती काढली. माती जास्त घातली की काडी कडक आणि फिकट होते, कमी घातली की मऊ आणि काळी. पेन्सिलीवर 'एचबी' लिहिलेलं असतं ती मधली.

आता हे टोकयंत्राला कशाला लागतं? दोन गोष्टींसाठी. पात्याची धार नुसत्या लाकडानं झिजत नाही, या भाजलेल्या मातीनंही झिजते. आणि दुसरं म्हणजे, भाजलेलं मडकं पडलं की काय होतं? पेन्सिलीतली काडीही तशीच फुटते, फक्त वरून दिसत नाही. मग टोक करावं तर तुकडा गळून पडतो, पुन्हा करावं तर पुन्हा गळतो, आणि शिव्या मात्र टोकयंत्राला! अशी पेन्सिल जगातल्या कुठल्याही यंत्रात घाला, तिचं टोक टिकायचं नाही.

तेरहून एसटीनं तासाच्या आत धाराशिव आलं. बसस्थानकातून जुन्या गावाकडे, ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या दर्ग्याच्या बाजूला चालत गेलं की दुकानांची गर्दी सुरू होते. भांडी, कापड, बी-बियाणं आणि मधूनमधून वह्या-पुस्तकांची दुकानं. पहिल्याच दुकानात काकांनी काउंटरवर जत्राच मांडली. मोटारीच्या आकाराचं, हत्तीच्या आकाराचं, पृथ्वीच्या गोलाचं!

"घ्या गुरुजी, पोरांना हेच आवडतंय."

"काका, हत्तीच्या पोटातलं पातं दाखवा की."

पातं बाहेरून दिसतच नव्हतं. मी खिशातली पेन्सिल काढली आणि विचारून एकदा फिरवून पाहिली. साल तुकड्यातुकड्यांनी पडली. म्हटलं, हत्ती राहू द्या, साधी छोटी यंत्रं दाखवा.

पाच-दहा रुपयांच्या त्या यंत्रांत काय पाहायचं, ते इथं सविस्तर सांगतो, कारण घरासाठी तुम्हाला हेच घ्यायचं आहे. यंत्र उजेडाकडे धरा. पातं आणि त्याखालचं अंग यांमधली फट दिसते. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी हवी. एकीकडे रुंद, एकीकडे बंद असेल तर पातं तिरकं बसलंय. मग स्क्रू पाहा. तो खराखुरा, फिरणारा हवा, म्हणजे पुढं सैल झाला तर आवळता येईल. आता पेन्सिल आत घाला आणि हलवून पाहा. साधी पेन्सिल साधारण ७ मिलिमीटर जाडीची असते. ती भोकात डुगडुगली तर टोक एका बाजूला लाकूड आणि एका बाजूला काडी असं वाकडं निघतं. शेवटी फिरवा. साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ आणि सलग निघाली, पंख्यासारखी उलगडली, तर यंत्र चांगलं. दुकानदार नको म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. म्हणून तर पेन्सिली घरून न्यायच्या!

प्लॅस्टिकचं घ्यावं की धातूचं, याचं उत्तर मला दुकानाबाहेर मिळालं. रस्त्याच्या कडेला सायकलच्या चाकावर सहाण फिरवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे एक मामा बसले होते. मी एक जुनं प्लॅस्टिकचं टोकयंत्र त्यांच्या हातात दिलं आणि याला धार लावता येईल का, म्हणून विचारलं. त्यांनी ते डोळ्याजवळ नेलं, नखानं पातं दाबून पाहिलं.

"पातं बरं हाय की गुरुजी. पर ते बसलंय कशावर बघा. प्लॅष्टिक दबायलंय, स्क्रू घुमायलाय. पातं हाललं की कापायचं सोडून खरवडायलंय."

"मग धार?"

"एवढं बारीक पातं चाकावर धरलं तर तापंल. पाणी उतरंल त्याचं."

पाणी उतरणं म्हणजे काय, कळलं का? पोलाद तापवून एकदम थंड केलं की ते कडक होतं. त्याला हत्याराला पाणी देणं म्हणतात. नंतर ते वाजवीपेक्षा जास्त तापलं की मऊ पडतं, आणि मग धार धरत नाही. त्यामुळे छोट्या यंत्राचं पातं बोथट झालं की बदलणं एवढंच हाती असतं. मामांनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. "धार कुठं लावली?" म्हणाले. दोन दुकानदारांनी मिळून सांगितलं नसतं तेवढं त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं होतं.

तर घरासाठी धातूचं घ्या. एका भोकाचं, स्क्रूचं, बिनडब्याचं. मला डबीवाली यंत्रं मनापासून आवडत नाहीत. आधी झाकण तुटतं आणि मग ते झाकण शोधण्यात तास जातो. जर्मनीत एर्लांगेन नावाच्या गावात शंभर वर्षांहून जास्त काळ अशी धातूची टोकयंत्रं बनताहेत, काही पितळेची तर काही मॅग्नेशियम या हलक्या धातूची. आपल्याकडे पेन्सिलींच्या पाकिटाबरोबर एक प्लॅस्टिकचं फुकट मिळतं. ते वाईट असतं असं नाही. पाकीट संपेपर्यंत पुरलं तरी त्याचं काम झालं.

पण ३१ मुलांचं काय? त्यासाठी पाहिजे टेबलाला बसवायचं, दांडा फिरवायचं यंत्र. ते तिसऱ्या दुकानात, वरच्या फळीवर, धुळीत सापडलं. या यंत्रात पेन्सिल स्थिर राहते आणि आत पोलादी दंडगोल पेन्सिलीभोवती फिरतो. त्याच्या अंगावर मळसूत्रासारख्या धारदार रेषा असतात. एका पात्याऐवजी कितीतरी धारा काम करतात, म्हणून ते टिकतं. असं हातात मावणारं, दांडा फिरवायचं आणि साल आतच साठवणारं एक यंत्र १८९७ साली अमेरिकेत जॉन ली लव्ह या कृष्णवर्णीय गृहस्थांनी पेटंट घेऊन नोंदवलं होतं. ते सुतारकाम करायचे. सुताराला पेन्सिलीचं दुखणं कळणारच!

दुकानात दोन प्रकार होते. एकाच्या तळाला रबराची चकती, ती दाबली की टेबलाला चिकटते. काचेवर चिकटेल हो, पण आमच्या वर्गातल्या खडूच्या धुळीत? दुसऱ्याला खालून आवळायचा लोखंडी शिकंजा होता. तो निवडला. मग काकांना म्हटलं, हे उघडून दाखवा. आतला दंडगोल काढता-घालता आला, आणि तो पोलादाचाच होता. दांडा धातूचा. साल पडायचा खण पारदर्शक, म्हणजे भरला की दिसतो. पेन्सिल घालून फिरवली. टोक पूर्ण झालं तसा दांडा एकदम हलका फिरू लागला. ही फार मोठी सोय, कारण मुलांना कुठं थांबायचं ते हातालाच कळतं. नाहीतर नवी पेन्सिल एका तासात बोटाएवढी करतील!

"सुटा दंडगोल मिळेल का?"

"मागवावा लागंल गुरुजी. आजवर कुणी इचारलंच नाही."

मी मागवायला सांगून आलो. मोठं यंत्र एक आणि धातूची छोटी चार, अशी खरेदी झाली.

मोठं यंत्र आता खिडकीखालच्या बाकाला आवळलेलं आहे. प्रार्थनेच्या आधी दहा मिनिटं ज्याला टोक करायचं त्यानं करायचं. तास सुरू झाल्यावर रांग लावायची नाही, नाहीतर सगळा वर्ग तिथंच. एक अडचण आली, तीही सांगतो. या यंत्राचं टोक लांब आणि बारीक निघतं, आणि पहिलीची मुलं तर वहीत खिळा ठोकल्यासारखी लिहितात. म्हणून टोक केल्यावर रद्दी कागदावर दोन रेघा मारून ते किंचित बोथट करायचं, असं ठरलं. रंगीत खडू-पेन्सिली मोठ्या यंत्रात घालायला बंदी आहे, कारण त्यांतलं मेण पात्याला चिकटतं. त्यांच्यासाठी छोटं यंत्र. शनिवारी जुन्या टूथब्रशनं सगळी साफसफाई. तेल घालायचं नाही, त्यावर धूळच बसते.

पेन्सिल फार छोटी झाली की ती मोठ्या यंत्रात धरली जात नाही. म्हणून एक धातूचं छोटं यंत्र तिथंच सुतळीनं बांधून ठेवलंय. ते सगळ्यांत जास्त वापरते ती आजीजवळ राहणारी मुलगी. तिची पेन्सिल आता करंगळीच्या दोन पेरांएवढी उरली आहे. तिनं ती बोरूसारखी पोकळ काडीत खोचून लांब केली आहे. नवी देऊ केली तर म्हणाली, "ही संपू द्या की गुरुजी." सध्या ती पाढ्यांची वही पूर्ण करतेय, तेही सगळ्यांच्या आधी.

राहिला प्रश्न खणातल्या सालींचा. अर्ध्या सालींची चित्रवहीत चिकटवून फुलं आणि मोरपिसं झाली. उरलेल्या अर्ध्यांवरून वाद चालू आहे. दुसरीतली तीन मुलं शपथेवर सांगतात की साल दुधात भिजवली की तिचं खोडरबर होतं. मी म्हटलं, करून पाहू. वाटी खिडकीत ठेवली आहे. आज तिसरा दिवस. खोडरबराचा पत्ता नाही, पण वास मात्र पार चौथीच्या वर्गापर्यंत गेलाय.