आमच्या घरातली बंदूक

मैत्रिणींनो, कुणाच्या यजमानांना पोस्टाची तिकिटे जमवायचा नाद असतो, कुणाला गुलाबांचा, तर कुणाचे सगळे रविवार पत्त्यांत जातात. आमच्या ह्यांनी बंदूक जुळवली. दचकलात ना? मीसुद्धा दचकले होते.

आम्ही इंग्लंडात, बर्मिंगहॅमला राहणारी माणसे. १९७६ साली लग्न होऊन मी इथे आले. हे एका कारखान्यात टूलरूममध्ये कामाला होते. २००८ साली निवृत्त झाले आणि घरात नुसते फिरू लागले. निवृत्त नवरा घरात फिरू लागला की काय होते, ते मी तुम्हाला वेगळे सांगायला नको! कुकरची शिटी बदल, दाराला तेल घाल, असे महिनाभर चालले. मग एक दिवस त्यांनी मामंजींचा फोटो पेटीतून बाहेर काढला.

मामंजी मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १९४४ साली इटलीत लढले. याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगे यांना १९४४ साली आणि नामदेव जाधव यांना १९४५ साली इटलीतल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक असेल. मामंजी मात्र लढाईविषयी फार बोलत नसत. त्यांच्या तुकडीत एकाजवळ दुर्बीण लावलेली बंदूक होती, आणि तो दिवस दिवस दगडासारखा पडून राहायचा, एवढेच मुलांना सांगत. लहानपणी ऐकलेली ती 'दुर्बिणीची बंदूक' ह्यांच्या मनात साठ वर्षे बसली होती.

ती बंदूक म्हणजे ली-एनफिल्ड नंबर चार (टी). यातला 'टी' टेलिस्कोपचा. आपल्याकडे बीएसए म्हटले की सायकल आठवते. पण ही कंपनी मुळात बंदुकांची. तिच्या जुन्या शिक्क्यावर एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुकाच आहेत. युद्धात बर्मिंगहॅमजवळच्या शर्ली इथे तिच्या कारखान्यात या रायफली बनत. त्या काळात असल्या कारखान्यांतून बायकाही मोठ्या संख्येने कामाला होत्या, बरं का. बनलेल्या रायफलींतून ज्यांचा नेम सर्वांत चांगला लागे त्या, आपण पाटीतून हापूस निवडावा तशा, बाजूला काढायच्या आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे पाठवायच्या. हे मोठे नावाजलेले बंदूकवाले. आपल्या कितीतरी राजेमहाराजांच्या शिकारीच्या बंदुका त्यांच्याकडच्या. तिथे रायफलीला दुर्बीण बसवीत आणि दस्त्यावर गाल टेकवायला लाकडाचा एक तुकडा स्क्रूने लावीत. १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत अशा वीस हजारांहून जास्त रायफली तयार झाल्या.

आणि यातली खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक दुर्बीण एकाच रायफलीसाठी जुळवलेली. रायफलीचा नंबर दुर्बिणीच्या बैठकीवर कोरायचा आणि दुर्बिणीचा नंबर रायफलीच्या दस्त्यावर ठोकायचा. लग्नात उखाणा घेऊन एकमेकांचे नाव घ्यावे तसे! युद्धानंतर पुष्कळ जोड्या फुटल्या. न फुटलेली जोडी मिळालीच, तर तिची किंमत आमच्यासारख्यांनी नुसती ऐकायची.

तेव्हा ह्यांनी ठरवले, सुटे भाग जमवून हुबेहूब नक्कल करायची.

तुम्ही म्हणाल, परदेशात काय, कुणीही बंदूक ठेवावी! छे, इंग्लंडात तसे अजिबात नाही. पोलिसांचा परवाना लागतो, त्यावर प्रत्येक बंदुकीची नोंद असते, नेमबाजीच्या क्लबात नियमाने जावे लागते. घरी येऊन पोलीस पोलादी कपाट भिंतीत पक्के केले आहे की नाही ते पाहतात. आणि त्याची किल्ली परवाना नसलेल्या माणसाच्या, म्हणजे माझ्याही, हाती लागता कामा नये! बत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी पहिल्यांदाच माझ्यापासून किल्ली लपवली, आणि तीही कायद्याने. माझा राग दोन दिवस टिकला.

आधी १९४३ सालची एक साधी रायफल आली. मग आठ-नऊ वर्षे एकेक वस्तू येत राहिली. दुर्बीण एका प्रदर्शनात मिळाली, तिचा पत्र्याचा डबा दुसऱ्या गावी, लाकडी पेटी तिसऱ्या. दुर्बिणीची बैठक मात्र नवी, हल्लीच्या काळात बनवलेली. ती रायफलीवर बसवायचे काम परवाना असलेल्या कारागिराने केले. "ते माझं काम नाही, तिथं हौस चालत नाही," हे म्हणत.

गाल टेकवायचा तुकडा तेवढा ह्यांनी घरी, अक्रोडाच्या लाकडातून, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर घडवला. पोळ्यांच्या पिठात लाकडाचा भुसा! पहिला बिघडला, दुसरा चिरला, तिसरा जमला. मग रोज रात्री त्याला जवसाचे तेल चोळायचे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. जवसाच्या तेलाचे बोळे कधीही गोळा करून टाकू नका. ते आपोआप तापतात आणि पेटतातसुद्धा. आमच्या शेडमधल्या डब्यातून एकदा धूर निघाला, तेव्हा मला हे शहाणपण आले. बोळा पसरून उघड्यावर वाळवावा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवावा.

त्याच सुमारास आम्ही मंडळातल्या एका लग्नाला गेलो होतो. माझ्या गळ्यात एक ग्रॅमची मोहनमाळ. एक बाई म्हणाल्या, "अगबाई, किती तोळ्यांची हो?" मी नुसती हसले. खोटे काही बोलले नाही. पण खरेही सांगितले नाही. परत येताना गाडीत हे म्हणाले, "माळ छान दिसत होती. ती नक्कल आहे म्हणाली असतीस, तरी तेवढीच छान दिसली असती." मला ते लागले. मी म्हटले, "आणि तुमची बंदूक?" त्यावर हे काहीच बोलले नाहीत.

२०१७ साली काम पुरे झाले. मी काही त्यातली जाणकार नव्हे, पण पुस्तकातल्या चित्राशेजारी पाहिली तर फरक कळेना. म्हटले, "दस्त्यावर नंबर नाही वाटतं?" तर म्हणाले, "ती जागा मुद्दाम रिकामी ठेवली. ह्या दोघांचं लग्न लष्करानं लावलेलं नाही, मी लावलंय. तिथं नंबर ठोकला की नक्कल संपली आणि फसवणूक सुरू झाली." मोहनमाळेचे उत्तर मला असे उशिरा मिळाले.

२०२१ साली हे गेले. पोलिसांना कळवले. परवाना माझा नव्हता, म्हणून बंदूक एका परवानाधारक व्यापाऱ्याकडे ठेवायला गेली. दुर्बीण, डबा, पेटी घरीच राहिले. महिनाभराने एक गृहस्थ भेटायला आले. बोलणे मोठे गोड. म्हणाले, "वस्तू उत्तम आहे. तुमचे सासरे इटलीत होते ना? ही त्यांच्या पलटणीतली, असं एक पत्र तेवढं लिहून द्या. बाकीचं मी बघतो." आणि त्यांनी जो आकडा सांगितला तो नकलेच्या किमतीच्या चौपट होता. 'बाकीचं' म्हणजे काय, ते मला समजले. दस्त्यावरची चार बोटांची रिकामी जागा.

खोटे कशाला सांगू, मी त्यांना लगेच नाही म्हटले नाही. छत गळत होते, बॉयलर जुना झाला होता. रात्रभर झोप नाही. पत्र लिहायचे ते मामंजींच्या नावाने! ते खरेच इटलीत होते, फोटो खरा, गणवेश खरा. एवढ्या खऱ्यात एक ओळ खोटी, कुणाला कळणार होते?

पहाटे उठून ह्यांची वही काढली. प्रत्येक भागाची नोंद: तारीख, गाव, किंमत, आणि पुढे 'जुना' किंवा 'नवा'. दुर्बिणीच्या ओळीत लिहिले होते, 'हिच्या शिवणाच्या पैशांतून ६० पौंड उसने'. खाली सहा तारखा आणि दर तारखेला दहा पौंड परत. हे पैसे मी दिले होते हेसुद्धा मी विसरून गेले होते. ते कुठे परत येत होते? माझ्या मिसळणाच्या डब्याजवळ अधूनमधून नोटा सापडत, मला वाटे मीच ठेवल्या असतील!

सकाळी त्या गृहस्थांना फोन करून नाही सांगितले. बंदूक नक्कल म्हणूनच विकली, वहीची प्रत सोबत देऊन. घेणारे क्लबातलेच होते. "वहीमुळे दोन पैसे जास्तच देतो," म्हणाले. छताचे काम झाले. बॉयलर अजून तोच आहे.

ह्याच बर्मिंगहॅममध्ये सोन्याचांदीवर शिक्का मारणारी कचेरी १७७३ पासून आहे. तिचा शिक्का नांगराचा. आणि बंदुकीची नळी नेहमीपेक्षा जड बाराने तपासून शिक्का मारणारे प्रूफ हाउस १८१३ पासून आहे. शिक्का सोने किती ते सांगतो, नळी टिकेल का तेही सांगतो. पण वस्तूची कहाणी खरी की खोटी, याचा शिक्का कुठल्याच कचेरीत मिळत नाही. तो घरच्यांनीच मारायचा असतो.

म्हणून मैत्रिणींनो, एवढे करा. यजमानांच्या छंदाला हसायचे तर हसा, पण त्यांच्याकडून वही लिहून घ्या: काय, कुठून, कितीला, खरे की नक्कल. आपल्या दागिन्यांचीही तशीच लिहा. आपल्यामागे मुलांना कोडे नको, आणि मोहही नको.

तो पहिला बिघडलेला अक्रोडाचा तुकडा माझ्याकडेच आहे. स्वयंपाकघराची खिडकी वाऱ्याने आपटते, तिथे तो अडकवून ठेवते. महिन्यातून एकदा जवसाचे तेल लावते, आणि बोळा पसरून वाळत घालते.