राळी

नागावच्या आमच्या घरात राळी आली ती डिसेंबरात. मुंबईचे नातलग परदेशी राहायला निघाले होते. त्यांनी ती गेटवेहून लाँचनं मांडव्याला आणली आणि तिथून आम्ही घरी. हिरवं अंग, पिवळं डोकं, गळ्याशी काळे ठिपके. बाजारात ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतात, त्यांतली ही बजरीगर. पिंजऱ्यातल्या दांडीला नख्या रुतवून बसली होती. वाटीत दाणे होते, पण त्यांच्याकडे ती पाहतही नव्हती.

बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या गवताळ मुलखातला. तो थव्यानं हिंडतो आणि जमिनीलगत उतरून गवताचं बी टिपतो. टिपताना मान खाली जाते, आणि ससाणा झडप घालतो तो नेमका तेव्हाच. म्हणून एकट्या पक्ष्याला खायचा धीर होत नाही. शेजारी चारजण टिपत असले, म्हणजे त्याला भरवसा वाटतो. राळीच्या शेजारी कुणीच नव्हतं.

आईनं आधी पिंजऱ्याची जागा बदलली. खिडकीत मांजर यायचं, बाहेर कावळे, वर समुद्राचा खारा वारा. तिनं पिंजरा ओटीवर आणला, एका बाजूला भिंत येईल असा, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर. स्वयंपाकघरापासून तो लांबच ठेवला. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफा एवढ्याशा पक्ष्याचा जीव घेतात. जुन्या घरी राळी जे खात होती, तेच मिश्रण आणलं : बाजरी, राळा, थोडे ओट. ते वाटीत न ठेवता पिंजऱ्याच्या तळाशी ताटलीत पसरलं.

मग आई सूप घेऊन पिंजऱ्याशेजारी तांदूळ निवडायला बसली. तिची बोटं दाण्यांतून टिपटिप फिरत होती. राळीनं मान तिरपी केली, बराच वेळ पाहत राहिली आणि हळूच दांडीवरून खाली उतरली. तिनं पहिला दाणा उचलला तो राळ्याचा. तिचं नाव त्या दुपारी पडलं.

पुढे खाण्याची घडी बसली, ती आईच्या नजरेमुळे. बजरीगर दाणा चोचीत फिरवून सोलतो आणि फोल तिथेच टाकतो. संध्याकाळी ताटली भरलेलीच दिसे. आई ती उचलून फुंकर घाली आणि मला दाखवी, "बघ गं, वर नुसती फोलं आहेत. खाली दाणा नाही." कितीतरी पाळलेले पक्षी अशा भरल्या वाटीपुढे उपाशी राहतात. आमच्याकडे ताटली रोज पाखडली जाई. तळाच्या कागदावरची शीटही रोज पाहायची. पोटात काही गेलं की नाही, ते तीच खरं सांगते.

नुसत्या दाण्यांवर पक्ष्याचं पोषण होत नाही. कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा कोवळा पाला आई ओला करून जाळीला अडकवी. राळी कित्येक दिवस त्याला शिवली नाही, तरी आई रोज सकाळी ताजी जुडी बांधत राहिली. एकदा राळी त्या ओल्या पानांत अंग घासायला शिरली आणि घासता घासता कुरतडू लागली. चुना मिळावा म्हणून समुद्रफेस होता. माकुळाच्या पाठीतलं ते पांढरं हाड आमच्या किनाऱ्यावर वाहून येतं. मीठ निघून जाईपर्यंत पाणी बदलत भिजवायचं, कडक उन्हात वाळवायचं आणि जाळीला बांधायचं. पावसाळ्यात आई दाणे थोडेथोडेच आणी. इथल्या दमट हवेत धान्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ किनाऱ्यावर आदळलं. माड-पोफळी कोसळल्या, कौलं उडाली. आम्ही माजघरात पिंजऱ्याला चादर गुंडाळून बसलो होतो. वादळ गेलं, पण राळीनं दाण्याला तोंड लावलं नाही. एवढ्याशा पक्ष्याला एक दिवसाचा उपासही सोसत नाही. घरातही कुणाला जेवण जात नव्हतं. वाडीकडे बघवत नव्हतं. आईनं पिठलं-भात केला आणि सगळ्यांची पानं पिंजऱ्यासमोर मांडली. "तुम्ही जेवा, म्हणजे ती जेवेल," म्हणाली. आम्ही जेवलो. राळी उतरली. त्या दिवशी तिच्यामुळे आमच्याही पोटात अन्न गेलं.

राळी आमच्याकडे पाच वर्षांहून जास्त जगली. थव्यातला दुबळा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत भरतो, म्हणून ही जात आजार लपवते. आम्ही तिला छोट्या काट्यावर नेमानं तोलत असू. पस्तीस ग्रॅमच्या आसपास भरायची. वजन उतरू लागलं तेव्हा डॉक्टरांना दाखवलं. औषध झालं, पण ती गेली. शेवटच्या दिवसांतही आई सूप घेऊन शेजारी बसे, आणि राळी दोन दाणे का होईना, टिपत असे.

आता आळीतली मुलं विचारतात, पक्षी आणला तर खायला काय घालायचं? मी आधी सांगते, पोपट आणू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडचे पोपट पाळायला मनाई आहे, आणि वाडीतल्या पेरूवर ते आपले आपण येतातच. बजरीगर आणणार असाल तर दाण्यांच्या आधी पिंजऱ्याची जागा ठरवा, आणि त्याच्याजवळ रोज कोण बसणार तेही ठरवा. त्याची भीती गेली की तो खाऊ लागतो, आणि ती घालवायला माणूसच लागतं.