सोनमाशांच्या गावात

लहानपणी माझ्याकडे एक गोल्डफिश होता. छोट्याशा गोल काचेच्या भांड्यात ठेवलेला. मी रोज सगळं पाणी ओतून नळाचं ताजं पाणी भरायचो. आठव्या दिवशी तो उलटा तरंगला. एवढी काळजी घेऊनही असं का झालं? त्याचं उत्तर मला खूप वर्षांनी जपानात मिळालं!

नारा शहरातला प्रचंड बुद्ध पाहून झाला. तिथून आगगाडीचं पुढचंच स्टेशन कोरियामा. यामातो-कोरियामा हे सोनमाशांचं गाव. १७२४ मध्ये यानागिसावा योशिसातो हा सरदार काई प्रांतातून इथे बदलून आला, त्याच्याबरोबर हे मासेही आले, असं सांगतात. पुढे सामुराईंनी मासे पाळायचा जोडधंदा धरला.

मला वाटलं, काचेच्या पेट्या दिसतील. पण दिसली तळीच तळी! पाणी हिरवट, त्यात केशरी ठिपक्यांची लगबग. त्या हिरव्या पाण्यातले बारीक जीव हाच पिल्लांचा खाऊ बरं का. थंडीत पाणी गारठलं तरी या माशांना हीटर लागत नाही. त्यांना लागतं भरपूर पाणी.

इथेच माझी चूक उमगली. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. तळ्यात तो विरून जातो, भांड्यात मात्र त्याचं विष होतं. शिवाय नळाच्या पाण्यातलं क्लोरीन! फिल्टर असला, की त्यात हळूहळू उपयोगी जीवाणू वाढतात आणि अमोनियाचा जहालपणा घालवतात. माझ्या भांड्याला फिल्टर कुठला?

तेव्हा मासा आणण्याआधी जागा बघा. लांबट, सडपातळ गोल्डफिश वीतभर वाढतो. त्याला हौदच बरा. गोलमटोल, दुहेरी शेपटीचे दोन मासे हवेत? मग निदान ८० लिटरची टाकी आणि फिल्टर घ्या. चपळ आणि मंद मासे एकत्र ठेवू नका, मंद बिचारे उपाशी राहतात. निवडताना पर पसरलेले, अंगावर पांढरे ठिपके नसलेले मासे घ्या. आठवड्याला फक्त पाव भाग पाणी बदला, तेही बादलीत दिवसभर उघडं ठेवलेलं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाकी उन्हापासून दूर ठेवा, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

या गावात १९९५ पासून कागदी जाळीने मासे पकडायची स्पर्धा भरते. मीही एका दुकानात जाळी हातात घेतली. कागद फाटला, मासा निसटला.

खरं सांगू? मला बरंच वाटलं.