काचा बसण्यापूर्वी

डेट्रॉइटलगतच्या हायलंड पार्क येथील फोर्डच्या कारखान्याचे नाव आपण वर्गात घेतो ते बहुधा परात्मतेचे उदाहरण म्हणून. मीही अनेक वर्षे तसेच शिकवत आलो. प्रारंभकाळातील मोटार-कारखान्यांच्या बांधकामाची छायाचित्रे अलीकडे निवांतपणे पाहिली, तेव्हा त्या शिकवण्यात काही निसटले होते हे जाणवले.

अल्बर्ट कान या वास्तुविशारदाने आखलेली ही चार मजली, 860 फूट लांबीची इमारत 1910 मध्ये कार्यान्वित झाली. सारा भार काँक्रीटच्या सांगाड्यावर असल्याने बाहेरच्या भिंतींत काचाच काचा बसवता आल्या. तिला 'क्रिस्टल पॅलेस' असेही म्हटले गेले. परंतु काँक्रीट ओतण्यापूर्वी लाकडाचा साचा उभारावा लागतो. म्हणजे यंत्रयुगाचा हा प्रासाद आधी सुतारांनी फळीफळीने लाकडात उभा केला, आणि मग ते लाकूड काढून टाकले गेले.

माझे वडील सेंटरिंगचे सुतार होते. काम संपले की त्यांची मेहनत दिसेनाशी होई. त्यांना त्याची खंत नसे, मला असे.

1913 मध्ये याच कारखान्यात मोटारींच्या जुळणीचा सरकता पट्टा आला आणि कामाचे तुकडे पडले. त्यावर आपण भरपूर लिहिले आहे. त्याआधीच्या त्या फळ्यांवर मात्र मी एक ओळही लिहिली नव्हती. गिलावा न केलेल्या काँक्रीटवर फळ्यांच्या रेघा उमटून राहतात. वडील अशा छतांकडे मान वर करून बराच वेळ पाहत उभे राहत.