गाडी काय म्हंतीय?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातले आमचे मिस्त्री फियाटचं बॉनेट उघडल्यावर लगेच पान्याला हात घालायचे नाहीत. इंजिन चालू ठेवायला सांगायचे. मग लांब दांडीचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानापुढच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. शेजारी लेथ चालू, पलीकडे कुणीतरी पाट्यांवर घण घालतंय, रस्त्यावर ट्रकांचे हॉर्न. आणि हा माणूस काकड आरतीला बसल्यासारखा शांत. टोक दोन बोटं सरकवायचं, पुन्हा ऐकायचं. मी तेव्हा चौथीत असेन. एकदा त्यांनी मला स्टुलावर उभं केलं आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला.

"लाव कानाला. वेणी पंख्यापासनं लांब ठेव. हां. आता सांग, काय म्हंतीय?"

"टिकटिक करतेय."

"टिकटिक घड्याळ करतंय, पोरी. ही म्हंतीय, टॅपेट ढिली झाल्यात, जरा बघा."

इंजिन गार होईपर्यंत चहा झाला. मग त्यांनी खिशातून पातळ पोलादी पात्यांचा जुडगा काढला, फिलर गेज. त्यातलं एक पातं टॅपेटच्या फटीत घालून ओढायचं. फार सहज निघालं तर फट जास्त, अडकलं तर कमी. लोण्यातून सुरी निघावी तसं निघालं की झालं. पुन्हा इंजिन चालू केलं तेव्हा टिकटिक गेली होती आणि मला उगाच वाटलं, गाडीची तक्रार मीच ऐकली.

पुढे तीन-चार वर्षांनी घरात केबल आली आणि तिच्यातून 'नाइट रायडर' आला. काळी पॉन्टिअॅक ट्रान्स अॅम, नाकावर डावी-उजवीकडे धावणारा लाल दिवा, आणि ती चक्क बोलायची. नाव किट. आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत त्या तासाला क्रिकेट बंद असे. धाकट्या भावानं सायकलच्या बास्केटला लाल जिलेटिन लावलेली बॅटरी बांधली होती; लाल उजेड इकडून तिकडे जावा म्हणून तो हँडलच हलवायचा आणि त्यापायी दोनदा गटारात गेला. आम्हाला त्यातलं इंग्रजी निम्मं कळायचं. पण किटचा तो जरा नाकातला, अदबशीर, किंचित वैतागलेला स्वर पुरा कळायचा. तिला चालवणारा मायकल काहीतरी आचरटपणा करायला निघाला की गाडी आधी शंका काढायची, मग नाइलाजानं उडी मारायची. मला उडीपेक्षा ती शंका आवडायची. गाडीला स्वतःचं मत असतं, ही गोष्ट मिस्त्रींनंतर मला सांगणारा किट दुसरा.

मालिका अमेरिकेत १९८२ ते १९८६ अशी चार वर्षं चालली होती. म्हणजे आमच्याकडे आली तेव्हा ती तिकडे शिळी झालेली. तिच्यामागच्या गमती मला फार उशिरा कळल्या. किटला आवाज दिला होता विल्यम डॅनियल्स या नटानं, आणि त्याच्याच इच्छेवरून श्रेयनामावलीत त्याचं नाव येत नसे. त्याच वर्षांत तो दुसऱ्या एका मालिकेत तिरसट सर्जनचं काम करत होता आणि त्या कामाला त्याला एमी पुरस्कारही मिळाले. म्हणजे डॉक्टर आणि गाडी, दोघांचा घसा एकच! आमच्या मिस्त्रींना हे सांगायला हवं होतं. ते स्वतःला इंजिनाचे डॉक्टरच म्हणवत. दुसरी गंमत अशी की गाडी चालकाविना धावायची त्या दृश्यांत चालक असायचाच. सीटच्या आकाराच्या खोळीत एक स्टंटमन बसायचा आणि तिच्याआडून स्टिअरिंग धरायचा. हे वाचून पुष्कळांचा विरस होतो म्हणे. मला उलट ती मालिका आणखी जवळची वाटली. सीटचं कातडं पांघरून, मान आखडून, कुणीतरी माणूस आत बसलेलाच होता.

आमची पद्मिनी अर्थात काळी नव्हती. फिकट हिरवट, सीताफळाच्या सालीसारखी. बाबांनी ती एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि ज्या फियाटसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत, ती हळूहळू बाबांसारख्या बँकेतल्या अधिकाऱ्याच्या आवाक्यात आली. या गाडीचं मूळ इटलीचं असलं तरी आमच्या लेखी ती घरचीच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना घातला. पन्नाशीच्या दशकात तिथून जी गोलमटोल फियाट ११०० निघाली, जिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, तिला आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटलं. इतकं प्रेमळ आणि इतकं अपमानास्पद नाव जगात दुसऱ्या कुठल्या गाडीला मिळालं असेल असं वाटत नाही. १९६४ ची डिलाइट तिच्यानंतरची, आणि १९७४ पासून तिचीच पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, ताकद चाळीसेक घोड्यांची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. पुढे सलग सीट. तिच्यावर बाबा, आई आणि मधोमध मी. गिअर टाकताना बाबांचं कोपर माझ्या खांद्याला लागायचं. पहिला टाकला, दुसरा टाकला हे मी बरीच वर्षं खांद्यावरून ओळखत होते.

आणि ती बोलायची. थंडीत सकाळी चोक ओढला की आजोबांसारखी खाकरायची. पट्टा सैल झाला की चिरकायची. क्लच सोडताना खालून 'कट्' असा आवाज आला की शाफ्टचा क्रॉस गेला. ठरावीक वेगाला 'घूंऽऽ' सुरू झालं आणि वळणावर ते कमी-जास्त झालं, तर चाकाचं बेअरिंग. उन्हाळ्यात घाट चढताना मात्र ती बोलणंच टाकायची. एकदम गप्प. पेट्रोल पंप तापून आतल्या पेट्रोलची वाफ झालेली असायची. मग बाबा पंपावर ओलं फडकं ठेवायचे, आई डिकीतून डबा काढायची आणि आम्ही करवंदं शोधायला जायचो. आंबोलीच्या घाटात असं इतक्या वेळा झालं की तिथल्या एका वळणाला आम्ही घरात 'फडक्याचं वळण' म्हणतो.

कोल्हापूरला गाड्यांचं वेड मुळातलंच. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते तेव्हा सोन्याइतकीच, किंवा खरं सांगायचं तर सोन्यापेक्षा जास्तच, तिच्यासाठी गर्दी होते. बाबांचं वेड मात्र वर्तमानपत्रातलं. मद्रासजवळच्या शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी होती, तिथं शर्यती भरत. मुंबईत जुहूच्या विमानतळावर भरत. इंग्लंडातलं सिल्व्हरस्टोनही असंच, युद्धातल्या विमानतळावर उभं राहिलेलं. १९५० साली जागतिक अजिंक्यपदाची पहिली फॉर्म्युला वन शर्यत तिथं झाली. बाँबफेकी विमानं गेली आणि त्यांच्या रिकाम्या धावपट्टीवर हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन आले, हे बाबांना फार आवडायचं. आपल्याकडच्या हौशी लोकांच्या गाड्यांत फियाटही असायच्या. सोमवार ते शनिवार ऑफिसला नेणारी गाडी घ्यायची, कार्बोरेटरशी खेळायचं, सायलेन्सर मोकळा करायचा आणि रविवारी पळवायची. पुढे कोइम्बतूरच्या करीवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन घालून एका माणसाच्या छोट्या रेसिंग गाड्या बनवल्या, फॉर्म्युला मारुती. त्यावर इथल्या कितीतरी पोरांनी हात साफ केला. बाबांनी यातलं काही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. कात्रणं होती, एका बिस्किटांच्या डब्यात.

म्हणून मी कॉलेजात असताना एका क्लबाच्या रॅलीत आम्ही दोघांनी नाव घातलं, तेव्हा आईला नवल वाटलं नाही. "इन्शुरन्स भरलाय ना?" एवढंच तिनं विचारलं.

या रॅलीला टीएसडी म्हणतात. वेळ, वेग, अंतर. शर्यत म्हणून सांगावी तर ऐकणारा हसतो, कारण वेग आधीच ठरवून दिलेला असतो आणि तोही बेताचा. सकाळी हातात एक वही पडते. तिच्यात रस्त्याचं नाव नाही, गावाचं नाव नाही. फक्त छोट्या आकृत्या. टिंबाकडून यायचं, बाणाकडे जायचं, शेजारी अंतर. हॉलंडमधल्या ट्यूलिप रॅलीवरून त्यांना ट्यूलिप म्हणतात. गाडी चालवणारा निव्वळ हमाल. डोकं चालवायचं ते शेजारच्यानं. तासाला ३६ चा वेग दिला असेल तर किलोमीटरला १०० सेकंद. ३० असेल तर १२०. वाटेत कुठंतरी लपलेली वेळ-चौकी असते. तिथं ठरल्या सेकंदाला पोहोचायचं. आमच्या रॅलीत उशिराला सेकंदामागे १ गुण दंड होता आणि लवकर येण्याला २. आयुष्यभर कुठंही लवकर पोहोचल्याबद्दल कौतुक करून घेतलेल्या बँकेतल्या माणसाला हा नियम पचवणं जड होतं.

सुरुवातीला मीटर ताडून पाहायला थोडा रस्ता देतात. वहीत ८ किलोमीटर, आमच्या मीटरवर ८.३. टायर झिजलेले, घेर कमी, म्हणून चाक जास्त फिरतं आणि मीटर फुगवून सांगतं. रात्रभर जागून केलेला माझा तक्ता मी त्या हिशेबानं पुन्हा मांडला. पन्हाळा चढेपर्यंत आम्ही दोन-तीन सेकंदांच्या आत होतो. मी आकडे सांगत होते, बाबा न बोलता ऐकत होते. माझं इतकं त्यांनी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

घाट उतरला, रस्ता सपाट झाला, वेग अजून ३० चाच. दुसऱ्या गिअरमध्ये फियाट ३० ला किंचाळते. तिसऱ्यात घातली तर ३० ला गचके देते आणि ३८ झाले की गाऊ लागते. 

"बाबा, दुसऱ्यातच ठेवा. आठ सेकंद पुढं आहोत."

"रडतेय ती."

"रडू दे. दीड किलोमीटर फक्त."

"अगं, तिला विचार तरी," असं म्हणून त्यांनी तिसरा टाकला. माझ्या खांद्याला कोपर लागलं. मी पंधरा सेकंद म्हणाले, बावीस म्हणाले, एकतीस म्हणाले. बाबांनी काच खाली केली होती आणि इंजिनाचा आवाज शेतातून परत येत होता, गुळगुळीत, एकसारखा. त्यांच्या चेहऱ्यावर मिस्त्रींचे मिटलेले डोळे दिसत होते, फक्त डोळे उघडे होते. उसाच्या आडून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेला एक मुलगा उठला, घड्याळ पाहिलं आणि आमच्याकडे दयेनं पाहिलं. चाळीस सेकंद लवकर. ऐंशी गुण. बाबा त्याला म्हणाले, "इंजिन बघ काय सुंदर चाललंय," आणि त्या बिचाऱ्यानं मान डोलावली.

शेवटून तिसरे आलो. प्रमाणपत्र आईनं फ्रेम करून लावलं.

पुढं गाड्यांचे कार्यक्रम टीव्हीवर इतके आले की गणती नाही. 'टॉप गिअर'चे ते तिघे इंग्रज २०११ च्या अखेरच्या भागात भारतात आले आणि मुंबईत डबेवाल्यांशी डबे पोहोचवण्याची चुरस लावून बसले. आम्ही ते पाहून पोट धरधरून हसलो. डबेवाल्याशी पैज लावणाऱ्याची अक्कल काढायला गाडीतलं काही कळावं लागत नाही. पण ते कार्यक्रम आरडाओरड्याचे. गाडी त्यांत गुरगुरते, टायर जाळते. तिला बोलायला कुणी उसंत देत नाही. माझी आताची गाडी मात्र खरोखर बोलते. पट्टा लावा, वेग जास्त आहे, उजवीकडे वळा. बाईचा गोड आवाज आहे. तिला स्वतःला काय होतंय हे विचारलं तर डॅशबोर्डवर एक पिवळी खूण लावते आणि सर्व्हिस सेंटरकडे बोट दाखवते. तिथं त्यांनी बॉनेट उघडलं की आधी लॅपटॉपची वायर लावतात.

२०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. २९ ऑक्टोबर २००३ ला ती ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. बाबांनी ती बातमी कापून बिस्किटांच्या डब्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, आपलीही देऊन टाकू. गुडघे क्लच दाबत नाहीत म्हणाले.

घ्यायला आलेला मुलगा पंचविशीतला, लग्नांना जुन्या गाड्या भाड्यानं देणारा. गाडीभोवती फिरून फोटो काढले, पत्रा वाजवून पाहिला, क्रोमचं काय काय बदलता येईल ते सांगत राहिला. बाबांनी त्याला चोक किती ओढायचा ते दाखवलं, फडकं कुठं ठेवलंय ते दाखवलं. मिस्त्रींच्या मुलाचा नंबर एका कागदावर लिहून दिला. बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं, पण त्याला तेवढा वेळ नव्हता. इचलकरंजीला पोहोचायचं होतं.

गाडी गल्लीच्या टोकाला वळली, दिसेनाशी झाली. आम्ही दारात उभे. आवाज येत राहिला, चढत गेला, चढतच गेला. आई आत जायला वळली. बाबा मान कलती करून उभे होते.

"दुसऱ्यातच नेतोय गाढव," म्हणाले.